मंगळावरचा पाहुणा आणि मनकर्णेचं टोपलं

मंगळावरचा माणूस कसा दिसतो, हे देवमनला कोणीतरी एकदाचं सांगायला हवं होतं. सांगणारे पुष्कळ होते. अडचण एवढीच की त्यातल्या एकानंही तो पाहिलेला नव्हता.

आदल्या वर्षी रशियाचा एक माणूस आभाळात जाऊन पृथ्वीभोवती फेरी मारून आला होता. ती बातमी बोरखेडच्या शाळेतल्या शालिकराम गुरुजींच्या अंगात इतकी भिनली की बासष्टच्या जानेवारीत होणाऱ्या संमेलनासाठी त्यांनी स्वतःच नाटक लिहून काढलं. मंगळावरून एक पाहुणा गावात येतो, लोकांना भलभलते प्रश्न विचारतो आणि परत जातो, असं ते नाटक. पाहुण्याला डोकं हवं होतं आणि अंगाला रंग हवा होता. हे काम येणारा माणूस आसपासच्या गावांत एकच, तो म्हणजे देवमन.

एकेकाळी दंडारीतली, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकातली, सगळी सोंगं त्याच्या हातची असत. दिवाळी झाली की रात्ररात्र तो खेळ चाले. देवमननं केलेलं गणपतीचं डोकं घालून त्याचा थोरला भाऊ मोतीराम नाचत आला की पाटलापासून सगळे हात जोडत. दुसऱ्या दिवशी त्याच मोतीरामला तहान लागली तर त्याच गावानं ओंजळीत वरून पाणी ओतायचं. छप्पन साली देवमनची सगळी वस्ती नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली, आणि देवमननं आपल्या हातांनी सगळे देव आणि सगळे राक्षस पूर्णा नदीत सोडून दिले. त्याची बायको मनकर्णा तेव्हा मोकळेपणानं हसली होती. तोही हसला होता. पण दीक्षा देवमननं घेतली होती, त्याच्या हातांनी नाही. भिंत सारवताना त्यांच्याकडून चिखलाचं नाक होऊन जाई, आणि मनकर्णेनं पाहायच्या आत तो ते पुसून टाकी.

त्यामुळे गुरुजी दारात आले तेव्हा देवमन हातातलं काम टाकून पुढं धावला. मनकर्णा मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंगळ म्हंजे नवग्रहातलाच ना, गुरुजी?"

"अवो बाई, तो नुसता गोळा हाय. आपली पृथ्वी हाय तसाच."

"मंग लोकं त्याची शांती काहून करतात?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"बनवा," मनकर्णा नवऱ्याकडं वळून म्हणाली. "पन आयकून घ्या. देव नाई पायजे, राक्षसबी नाई पायजे. त्या डोक्याले एकानंबी हात जोडले, तं मी ते चुलीत घालीन. आन् मंग पुन्हा या घरात डोकं बनवाचं नाव काढाचं नाई."

"कबूल," देवमन म्हणाला. फार घाईनं म्हणाला. मनकर्णेनं त्याच्याकडं जरा रोखून पाहिलं.

डोक्याच्या सांगाड्यासाठी त्यानं कोपऱ्यातलं टोपलं घेतलं आणि त्यातले कांदे भुईवर ओतून दिले. विचारलं नाही, विचारलं असतं तर मिळालं नसतं. जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली, चिंचोक्याची खळ शिजवली आणि कागदाचा लगदा टोपल्यावर थापायला बसला. इतक्या वर्षांनी बोटांना ओला लगदा लागला आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्याचीच त्याला भीती वाटली.

मंगळावर हवा विरळ असते, तिथल्या माणसाला नाक लांब लागेल, असं गुरुजींनी सांगितलं होतं. देवमननं नाक लांब केलं. मनकर्णा विहिरीवरून आली, घागर न उतरवताच म्हणाली, "हा तं गनपती हाय." देवमननं नाक कापलं, भोकं बुजवून साफ चोपडं केलं. तोंड रिकामं दिसायला लागलं म्हणून दात लावले. रावण झाला. दात काढले, ओठ मिटवले, डोळे अर्धे झाकले. तेव्हा तर मनकर्णेनं घागरच खाली ठेवली.

"आता हे बुद्ध होऊन राह्यले! लाज वाटू द्या जरा."

देवमन गोंधळला. त्याच्या बोटांना जी तोंडं येत होती, ती सगळी कोणाची ना कोणाची होती. डोळ्यांचंही तसंच. दोन केले तर माणूस होतो, तीन केले तर शंकर. एक करावा म्हटलं तर गुरुजी म्हणाले, अरे, शुक्राचार्याला एकच डोळा होता. शेवटी वैतागून त्यानं पाच डोळे केले, तेही वाकडेतिकडे. फुटक्या कंदिलाची काच आत बसवली. कानांच्या जागी सायकलचे आरे खोचले आणि त्यांच्या टोकांना कपाशीची वाळलेली बोंडं चिकटवली.

रंगाचा घोळ त्याहून मोठा. शेंदरी मारुतीचा, पिवळा खंडोबाचा, काळा विठोबाचा. हिरवा पिराच्या चादरीचा. पांढरी राख फासावी तर पुन्हा शंकर. निळा रामाचा म्हणावा तर तो आता आपल्या झेंड्याचाही. रंगांच्या पुड्या समोर घेऊन देवमन बसला होता, आणि एकही रंग बिनमालकाचा सापडत नव्हता. मनकर्णा पलीकडं भाजी चिरत होती. त्यानं तिच्या हातातलं वांगं पाहिलं.

"वांग्याच्या रंगाचा देव हाय का गं कोनी?"

मनकर्णेनं बोटांवर एकेक देव मोजून पाहिला. "नाई," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. देवमननं नीळ आणि गुलाल खलायला घेतले.

आता तो रंग कोणाच्या अंगाला लावायचा? गुरुजींनी सातवीतला उंच पोरगा निवडला होता. पण रंग लावायचा म्हणजे देवमनचा हात अंगाला लागणार. त्या पोराला खोकला झाला. दुसरा निवडला, त्याला ताप आला. बघता बघता अख्खी सातवी आजारी पडली. गुरुजी मान खाली घालून देवमनकडं आले, तेव्हा त्याची पोरगी शालू, जी त्याच वर्गात होती, म्हणाली, "मंगळावर पोरी नसतात का, बाबा? मी होते पाहुना."

त्यातच अष्टग्रहीचा बोभाटा उठला. फेब्रुवारी लागताच आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं जो तो म्हणत होता. अमरावतीला होम पेटले, अकोल्याला सप्ताह बसले. बोरखेडात सगळ्यात जास्त भ्यायली ती खुशालरावांची बायको सुंदराबाई. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, आणि एकुलता एक पंजाबराव शिकायला अकोल्याला. जग बुडताना पोरगा जवळ नसणार, या विचारानं बाई जेवेना. तिला कोणीतरी सांगितलं की शाळेत मंगळ येणार आहे. नाटकात येणार आहे हे सांगायचं राहिलं, की बाईनं ऐकलं नाही, देव जाणे. देव म्हणजे इथं आपली बोलायची रीत.

संमेलनाच्या दुपारी देवमननं शालूच्या हातापायांना वांगी रंग चढवला, गोणपाटाचा अंगरखा घातला आणि डोकं चढवून सुतळीनं मानेशी बांधलं. ती पडद्यातून चबुतऱ्यावर आली आणि अख्खं पटांगण चूप झालं. कोणी हसलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. लोकांना काय करावं हेच कळत नव्हतं. हा कोण म्हणायचा?

"तुमचं गाव कोणतं?" टोपल्यातून शालूचा घुमलेला आवाज आला. गुरुजींनी तसं लिहिलंच होतं. "तुम्ही एकमेकांना भिता का?"

तेवढ्यात बायांच्या बाजूनं सुंदराबाई उठली. एका हातात ताट, ताटात नारळ आणि कुंकू, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला पितळी लोटा. ती सरळ चबुतऱ्यावर चढली.

"बाई, मंगळ तं लाल रायते," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"कोपला हाय. कोपून असा काळानिळा झाला," सुंदराबाई म्हणाली. तिनं पाहुण्याच्या पायांवर थोडं पाणी घातलं, कुंकू वाहिलं आणि वाकून कपाळ टेकवलं. "बाप्पा, माह्या पंजाबले सांभाळ. तो एकटा हाय रे तिकडे."

मागच्या बायांनी हात जोडले. मग पुरुषांनी जोडले.

पडद्याआड देवमनचा ऊर भरून आला. खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला फार गोड वाटलं. जुने दिवस होते तसे परत आले. मग त्याची नजर गर्दीत उभ्या मनकर्णेवर गेली आणि तो सगळा गोडवा विटला. केलाच, त्याच्या मनात आलं. इतकं टाळून शेवटी देवच केला. आता ते डोकं चुलीत जाणार, आणि त्याच्याबरोबर सगळंच.

तो असा खजील होऊन उभा असतानाच पाहुणा डुलायला लागला. लोकांना वाटलं, अंगात आलं. त्यांनी जास्तच हात जोडले. देवमनच्या मात्र लक्षात आलं. नाक! गणपती होऊ नये म्हणून त्यानं नाक कापलं होतं, भोकं बुजवली होती, आणि श्वास कुठून घ्यायचा हे पाहायचं राहून गेलं होतं. तो धावला. सुतळी सुटेना, त्यानं दातानं तोडली आणि डोकं उपसून काढलं.

आत शालू होती. घामानं निथळलेली, ओठ सुकलेले.

"पानी," ती म्हणाली.

"हे तं देवमनची पोरगी हाय!" सुंदराबाईच्या तोंडून निघालं. तिच्या कपाळावर वांगी रंगाचा मोठा डाग पडला होता, आणि पटांगणातल्या सगळ्यांना तो दिसत होता.

पाणी सगळ्यात जवळ तिच्याच लोट्यात होतं. पोर तहानलेली होती. सुंदराबाईचा हात आपोआप वर गेला आणि लोटा तिरपा झाला, जन्मभर सवयीनं होत आला तसा. आता शालूनं खाली ओंजळ धरायची होती. मोतीरामनं धरली असती. देवमननंही धरली असती, हे त्याला त्याच क्षणी कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

शालूनं ओंजळ केली नाही. तिनं लोटाच घ्यायला हात पुढं केला.

सुंदराबाईनं त्या हाताकडं पाहिलं, मग खाली त्या पायांकडं पाहिलं. रागवावं, माफी मागावी, की पंजाबसाठी मागितलेलं परत घ्यावं, काहीच तिला उमगेना. आत्ता ज्या पायांवर कपाळ टेकवलं त्यांच्या मालकिणीला नाही कसं म्हणायचं, आणि हो तरी कसं म्हणायचं? मग तिनं लोटा शालूच्या हातात दिला. शालूनं तो तोंडाला लावून रिकामा केला आणि परत दिला. काठावर वांगी बोटं उमटली होती. लोटा पदराखाली धरून, कपाळावरचा डाग तसाच घेऊन सुंदराबाई घरी गेली. घरी जाऊन तिनं तो लोटा जाळात घालून शुद्ध केला की नुसता घासून ठेवला, ते देवमनला कधीच कळलं नाही. दोन्ही त्याला खरं वाटत राहिलं.

घरी येऊन त्यानं आपणहून ते डोकं चुलीपाशी ठेवलं.

"हात जोडले लोकाइनं," तो म्हणाला.

"पाह्यलं मी." मनकर्णेनं डोकं उचललं. पाच डोळ्यांकडं पाहिलं. मग ते उलटं केलं आणि भुईवरचे कांदे एकेक करून त्यात भरायला लागली. "माहे कांदे इतके दिवस मातीत लोयून राह्यले. आता म्हना कोनाले हात जोडाले."

शालू खुदकन हसली. मनकर्णा उठली, परसात गेली आणि एक जुनं टोपलं आणून त्याच्यापुढं आदळलं.

"पुढल्या खेपी हे घ्या. कांद्याच्याले हात लावू नोका."

देवमननं ते टोपलं मांडीवर घेतलं. यातून आता कोण करायचा? गणपती नाही, रावण नाही, मंगळावरचाही होऊन गेला. त्यानं ते फिरवून फिरवून पाहिलं, त्याला काहीच सुचेना. मग त्यानं ते पालथं घातलं आणि नाक येईल त्या जागी विणीत बोट घालून आधी दोन भोकं पाडली.