पिठात गिरवलेला पुढचा काळ

मी परात बोलतेय, सोनाळ्याच्या शालूबाईची. पितळेची. तुम्ही बसून ऐका. मला काही धड बसता येत नाही. बुडाला पोचा आहे, म्हणून सारखी डुगडुगते. तो पोचा पुंजाजींनी, शालूबाईच्या नवऱ्याने, मला आपटून पाडला. चहाला उशीर झाला होता म्हणे. माणसांचा राग निघतो तो आमच्यावर.

शालूबाई चौथी शिकलेली. लेकीला, सुचिताला, बाराखडी तिने माझ्यातच गिरवायला लावली. पीठ पसर, बोटाने लिही, पूस. पोरगी मोठी झाली, मोबाईलवर स्पॅनिश शिकली, तरी सवय तीच. हल्ली एकच काळ घोटायची. अमुक वेळेपर्यंत काम उरकलेलं असेल, असं सांगायचा काळ. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते यांना आब्रे, आब्रास, आब्रा, आब्रेमोस, आब्रेइस, आब्रान. पुढे बोलण्याला आब्लादो, जेवण्याला कोमिदो, राहण्याला बिबिदो. ते कुणासाठीच बदलत नाही. 'आब्रेइस'ला मी हलायची, पीठ सरकायचं, ती अडायची.

आज नोकरीसाठी पुण्याच्या कंपनीची स्पॅनिशची तोंडी परीक्षा मोबाईलवर. आणि आजच वरवट बकालचे पाहुणे तिला बघायला. पुंजाजींनी बजावलेलं, नोकरी हुकली तर साक्षगंधाची तारीख आत्ताच काढायची.

सुचिता माझ्यापुढे बसली. शालूबाईने कणकेसाठी पाणी घेतलं, पण ओतलं नाही. माझा काठ गुडघ्याखाली दाबून धरला. पुंजाजी दारातून कुरकुरले, पाव्हणे खोळंबले, पीठ अजून कोरडं काऊन?

"कोरडंच राहीन. त्याह्यले चिवडा द्या, अन् तुमी बाहीर बसा," शालूबाईने सुनावलं.

सुचिताने सगळी रूपं म्हटली. एकदा अडली, पिठात पाहिलं, सुटली. मग मोबाईलवरच्या बाईंनी विचारलं, जूनपर्यंत तुम्ही काय केलेलं असेल?

"पारा हुनियो आब्रे सालिदो दे एस्ता कासा."

बाई हसल्या. पुण्याला या म्हणाल्या.

शालूबाईचा चेहरा फुलला. "शेवटी काय म्हटलं वं तू?"

सुचिता पिठाकडे बघत म्हणाली, "जूनपर्यंत मी ह्या घरातून निघालेली असीन."

"बरं," शालूबाई म्हणाली. पाहुण्यांना नकार तिनेच जाऊन सांगितला. आल्यावर पाणी ओतलं. तेव्हापासून अशी मळतेय, की मी सरकत सरकत भिंतीला लागले.

हळू गं बाई. रडायचं तर रड, पण तोंड तिकडे कर. कणकेत मीठ आधीच पडलंय.