दगडावरचा राव

अप्पारावांनी फायलीची नाडी सोडली, वरची धूळ फुंकरीने खिडकीकडे पाठवली आणि समोरच्या म्हाताऱ्याला खुर्ची दाखवली. सूर्यभान उजवा पाय ताठ ठेवून बसले. गुडघा हल्ली वाकायला वेळ घेई. सरकारी कामासारखा, पुष्कळ विचार करून.

तेलुगू राज्याचे दोन तुकडे होऊन वर्ष उलटलं होतं, तरी विद्यापीठात मोजदाद चालूच होती. बाकं, पंखे, कपाटं, बसगाड्या. इमारती उचलून नेता येत नाहीत हे दोन बैठकांनंतर मान्य झालं, तेव्हा समितीने इमारतींच्या नावांकडे मोर्चा वळवला. बास्केटबॉलच्या क्रीडागृहाला एकाहत्तर सालापासून सूर्यभानांचं नाव होतं. म्हणून अंबरपेठेच्या घरी पत्र आलं, तेही त्यांच्या 'कुटुंबीयांस'.

"बोलावणं मला आलंय," विमलाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "पण तुम्हीच जा. आधार कार्ड न्या, नाहीतर खरं नाही वाटायचं त्यांना."

कार्ड शर्टाच्या खिशात होतं. सूर्यभानांनी हात तिकडे नेला.

"आप कौन लगते उनके?" अप्पारावांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नियम समजावून सांगायला घेतला. माणूस चांगला होता, थकलेला होता. यापुढे जिवंत माणसाचं नाव कुठल्याही इमारतीला राहणार नव्हतं. त्या जागी क्रमांक येणार होता. गेल्या आठवड्यात एक निवृत्त प्राध्यापक नाव कायम ठेवल्याबद्दल स्वतः पेढे घेऊन आभार मानायला आले होते. त्यांची प्रयोगशाळा आता प्रयोगशाळा क्रमांक चार झाली होती.

"तुमारा अच्छा है," अप्पाराव म्हणाले. "गुजर गए. कुछ झंझट नहीं."

सूर्यभानांचा हात खिशावरच राहिला. येताना त्यांनी क्रीडागृहात डोकावलं होतं. उडी घेतलेल्या त्यांच्या फोटोला चंदनाचा हार होता. खरेदी घाऊक झाली असावी. शेजारच्या फोटोत संघाचे बाराही जण एकाच हारात होते.

स्वतःच्या नावाचं त्यांना फारसं काही नव्हतं. ज्या वर्षी ते आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकून आले, त्याच वर्षी क्रीडागृह बांधून झालं, आणि आनंदाच्या भरात कुलगुरूंनी नाव जाहीर करून टाकलं. पण त्याच बांधकामावर दोन वर्षं सूर्यभानांच्या वडिलांनी चुन्याची घमेली वाहिली होती. मुकादम त्यांना 'ए किशन्या' म्हणे. संगमरवरी पाटीवर मुलाच्या नावापुढे बापाचंही नाव यायचं होतं, आणि मजकूर करणाऱ्या तेलुगू कारकुनाला नुसतं किशन हे नाव अर्धवट वाटलं. त्याने आपल्याकडचा एक राव लावून ते पूर्ण केलं.

वडिलांना कुठलीच लिपी येत नव्हती. "ह्याच्यातला राव कंचा?" त्यांनी विचारलं होतं. सूर्यभानांनी तीन इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. मग वडील दर रविवारी अंबरपेठेहून चालत येत आणि डोईच्या पटक्याने तेवढीच तीन अक्षरं पुसून जात. तेरा वर्षं ती बाकीच्या पाटीपेक्षा उजळ होती.

"छोटा भाई," सूर्यभान म्हणाले. "श्रीपती."

श्रीपती बारा वर्षांपूर्वी वारला होता. पण भावाच्या कामाला नाही म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

अप्पारावांनी लिहून घेतलं. दाखल्याची गरज नव्हती, सख्ख्या भावाची सही पुरेशी होती. मृत्यूची तारीख मात्र हवी होती. ती सूर्यभानांना पाठ होती.

"अठरा जून, चौऱ्याऐंशी."

ती तारीख वडिलांची होती.

अप्पारावांनी बोटांवर हिशेब केला. "चौतीस के भी नहीं हुए थे," ते हळूच म्हणाले. मग फायलीतला प्रवेशअर्ज उलटून त्यांनी कपाळाला आठी घातली. अर्जावर वडिलांचं नाव नुसतं किशन होतं आणि पाटीवर किशनराव. पाट्या सगळ्याच बदलायच्या होत्या, आणि नवी पाटी कागदाप्रमाणे करावी लागणार होती, हे त्यांनी दिलगिरीने सांगितलं.

सूर्यभान पुढे झुकले. "कागज गलत है, साब."

"पत्थर सही है?"

"पत्थर सही है. बाप का नाम है, मैं नहीं जानता क्या? राव के साथ लिखो."

अप्पारावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग अर्जावरच्या नावापुढे लाल शाईने राव लिहिलं, शेजारी लहान सही केली आणि शिक्का मारला. सूर्यभानांनी खाली श्रीपतीची सही केली, जमेल तेवढ्या वाईट अक्षरात.

आता निघावं, एवढ्यात अप्पाराव उठून उभे राहिले. घरचं माणूस आलंय, तर दोन मिनिटं शांत उभं राहू, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्या लहान वयात गेलेल्या माणसासाठी विद्यापीठाने आजवर तेवढंही केलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले.

सूर्यभानही टेबलाला धरून उठले. डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यांनी एकदा सहा गुण काढले होते. आज नुसतं उभं राहायचं होतं. काटा दोनदा फिरून आला.

"हो गया," अप्पाराव म्हणाले आणि बसले. "बैठो, श्रीपतीजी."

सूर्यभान उभेच होते. अप्पारावांनी पुन्हा खुर्ची दाखवली.

"घुटना," सूर्यभान म्हणाले. "थोडा टाइम लगता."