चिऊला अजून दूध हवंय

"सोवळ्यात उड्या? लतिके, अगं वेड लागलं का तुला?"

विनोदिनीकाकू दारातच थबकल्या. हॉलमध्ये टीव्हीसमोर आठ वर्षांची चिऊ परकर खोचून धपाधप उड्या मारत होती, आणि नुकत्याच न्हाऊन आलेल्या चार सवाष्णी धक्का लागू नये म्हणून भिंतीला पालीसारख्या चिकटलेल्या!

टीव्हीत चेंडू येत होते. हिरवा आला की उडी मारून फोडायचा, लाल आला की पुतळा व्हायचं. मोबाईलचा कॅमेरा टक लावून बघतो, जरा हललं की पॉइंट गेले. चिऊला एका जागी बसवत नाही म्हणून ती जाते त्या थेरपी सेंटरच्या अल्पनाताईंनी हा खेळ दिलेला. "डॉक्टरांच्या औषधाच्या जागी नाही हां, जोडीला," त्या बजावून म्हणाल्या होत्या. "पण कुठे बसवायचं असेल तर आधी खेळवा. थोडं सोपं जातं तिला."

आणि आज बसायचंच होतं ना! गेल्या श्रावणात चिऊ कुमारिका म्हणून बोडणाला, देवीपुढे परातीत दूध-दही-तूप-मध कालवायच्या पूजेला बसली आणि मध्येच उठून, तुपामधाचे हात घेऊन थेट गल्लीत पळाली. देवासातल्या सगळ्या नातेवाइकांत बोभाटा! काकू यंदा दुसरीच मुलगी बोलावणार होत्या. चिऊच्या आईने, लतिकाने, अक्षरशः पाय धरले, तेव्हा म्हणाल्या, "बरं. पण उठली, तर पुन्हा नाव काढायचं नाही."

आता पोर घामाघूम. सोवळं गेलंच. "बसायच्या आधी खेळवायला सांगितलंय हो काकू," म्हणत लतिका टीव्ही बंद करायला धावली.

"थांब," काकू म्हणाल्या. "तो खेळ पुरता होऊ दे. मग परत न्हाऊ घाल."

शेवटी सगळ्या परातीभोवती बसल्या. मध्ये अन्नपूर्णेची मूर्ती. चार सवाष्णी, पाचवी लतिका, आणि चिऊ. सगळ्यांनी हातांनी कालवायचं, कुमारिका मागेल ते काकू घालणार, ती पुरे म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही.

"काय हवं गं बाई?"

"दूध."

लतिकाचं लक्ष परातीत कुठलं! चिऊचा गुडघा थडथड उडत होता. आता उठते, आता उठते...

"दही. मध. और दूध डालो ना, काकूआजी!"

सवाष्णींतल्या उर्वशीवहिनी कण्हल्या, "चिऊ, माझी कंबर गेली गं. पुरे म्हण की!"

"अभी नहीं. अजून गुठळ्या आहेत."

लतिकाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिचं तिलाच उठावंसं वाटत होतं, पण परातीत चिऊची चिकट बोटं तिच्या बोटांना मध्येच लागत, आणि ती हलली नाही.

काकूंनी गडू पालथा करून शेवटचा थेंब परातीत पाडला आणि ओसरीवर बसलेल्या चिऊच्या बाबाला हाक मारली, "अनीश, दूध आण रे आणखी! पोर बसलीये अजून."