आरजूचा डावा बूट

मी आरजूच्या डाव्या पायाचा बूट बोलतोय. बूट म्हणायचं आपलं मानापुरतं. मी फक्त चवड्यापुरता, टाच उघडीच. हसू नका, लिरिकल नाचाला असाच बूट लागतो. बॅलेचा तोल, जॅझची उसळी, मॉडर्न नाचाचा मोकळेपणा, आणि गाण्यातलं दुःख सगळ्या अंगानं सांगायचं. त्यात आरजू गिरकी घेते ती माझ्या भरवशावर.

तिचे अब्बा इनायतुल्ला अकोल्यात चपला शिवतात. बकरीच्या मऊ चामड्यातून त्यांनीच मला शिवलं. लेकीच्या नाचाला त्यांनी नाही म्हटलं नाही, पण बाहेर कुणाला कळूही दिलं नाही. लोक काय म्हणतील, या धास्तीत त्यांचा जीव कायम टांगणीला.

आज अमरावतीला स्पर्धा. निघताना अब्बांनी गिऱ्हाइकाच्या चपलेला लावतात तसं मला तेल लावलं. लेकीसाठी म्हणून जरा जास्तच, आणि तळालाही! गुळगुळीत स्टेजवर मी आता काय धरणार? आरजूचा गुडघा एकदा निखळलाय. पुन्हा पडलीस तर नाच विसर, असं डॉक्टरांनी बजावलंय. ओरडावं तर मला तोंड नाही.

विंगेत सतरंजी होती, म्हणून मला घातल्यावर तिला काहीच कळलं नाही. अब्बा शेवटच्या रांगेत, तोंडाला रुमाल बांधून बसलेले.

पहिल्याच गिरकीला मी सटकलो. आरजू कशीबशी सावरली. चेहऱ्यावर हसू तसंच, पण माझ्या आत तिचा पाय लटपटत होता. पुढे उंच उडी होती आणि उतरायचं होतं माझ्यावरच.

"आरजू, काढ त्या बुटाले!"

अब्बा उभे होते. रुमाल गळ्यात आलेला. "मी तेल लावलं बेटा, तळाले बी लावलं! माही चूक हाय!"

सगळं सभागृह मागं वळलं. अकोल्याचंच कुणी फिसकन हसलं. "अरे, हा तं आपला इनायतुल्ला! अथी काहून आला?"

"माही पोरगी हाय ते," अब्बा म्हणाले. आवाज कापत होता, तरी पार स्टेजपर्यंत ऐकू गेला.

गाणं चालूच होतं. आरजूनं मला आणि माझ्या उजव्या जोडीदाराला ओढून फेकलं आणि अनवाणी उडी घेतली.

उतरली. नीट उतरली हो!

मी स्टेजच्या कडेला पडलोय, अजून धडधड थांबत नाही. अब्बा तिकडे उभेच आहेत. कुणीतरी त्यांना हात धरून खाली बसवा. त्यांचे पाय फार लटपटताहेत.