बाराव्या फोटोची चुंबळ

गेल्या दिवाळीपासून आमच्या शेजारी रामभाऊंकडे दर आठवड्याला एक खोकं येऊ लागलं. खोकी लहान असत आणि आतल्या वस्तू त्याहून लहान. एकदा कॅमेऱ्याच्या बटणावर बसवायचं लाल टोपण आलं, शर्टाच्या गुंडीएवढं. एकदा डोळ्याशी लावायचं रबर. मग मनगटात अडकवायचा पट्टा, अंगठा टेकवायची पितळी पट्टी, गुडघ्याखाली घ्यायची फोमची गादी. कुठलीच वस्तू महाग नव्हती, आणि त्यांच्यावाचून जगात कुणाचं अडल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"सोयीसाठी रे," रामभाऊ म्हणत. "या वयात माणसानं थोडी सोय बघावी."

शेवटचं खोकं एप्रिलात आलं. त्यात एक रिकामी पिशवी निघाली. ती कॅमेरा टेकवायची उशी होती म्हणे. आत काय भरायचं ते गिऱ्हाइकानं ठरवावं, अशी सोबत चिठ्ठी. उशी विकून कापूस गिऱ्हाइकावर सोडणाऱ्या त्या व्यापाऱ्याबद्दल मला आदर वाटला. सरोजिनीवहिनींनी तीत दोन किलो ज्वारी भरली, चेन लावली आणि चहा आणला. माझा कप भरलेला, रामभाऊंचा अर्धा. हल्ली त्या त्यांना अर्धाच देत. साखरेचं पथ्य असेल, असं मी धरून चाललो होतो.

रामभाऊ पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कंप्यूटर आल्यावरसुद्धा साहेब लोक जुने, जीर्ण नकाशे त्यांच्याकडूनच हातानं उतरवून घेत. पट्टी न लावता ते सरळ रेघ मारत. बारामतीत त्यांच्याइतका सरळ माणूस असेलही कदाचित, पण त्यांच्याइतकी सरळ रेघ कुणाची नव्हती.

उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. दर वर्षी येतंच असं नाही. ज्या वर्षी यायचं त्या वर्षी रामभाऊ जाऊन फोटो काढायचे. एकच फोटो. देवळासमोरच्या तुटक्या चौथऱ्यावरून, सूर्य शिखराच्या खांद्याला टेकला की. असे अकरा फोटो त्यांच्या बैठकीत ओळीनं लावलेले आहेत. मला ते अकराही एकच वाटतात. फरक पाण्याच्या रेषेत आहे, असं रामभाऊ सांगतात. अकराव्याच्या शेजारी एक खिळा नुसताच ठोकून ठेवलेला. गेल्या वर्षी देऊळ वर आलंच नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

तिपाई त्यांनी कधी लावली नाही. "तिपाई लावली की फोटो तिपाईनं काढला. मग मी कशाला गेलो?"

मे महिन्यात एका पहाटे ते मला म्हणाले, "चल पळसदेवला. गाडी तू चालव." आपली गाडी ते कुणाच्या हाती देत नसत. मला बरं वाटलं. भिगवणवरून सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत मी त्याच आनंदात होतो.

काठावर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाणी आणि आभाळ दोन्ही एकाच रंगाची, राखेत थोडं दूध मिसळल्यासारखी, आणि मध्ये शिवणच नाही. लांब कुठंतरी रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. ती पाण्यात होती की हवेत, ते सांगणं कठीण होतं. संभाजी होडीवाला इंजिनाशी खटपट करत होता. त्याची आई, बानूबाई, होडीत आधीच येऊन बसली होती. पाठीमागं खराटा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर कळशी. बसल्यावरही कळशी तिनं खाली ठेवली नव्हती.

"देवळात पाणी घालाया चालली," संभाजी म्हणाला. "घरच्या नळाचं न्हेती. चौबाजूंनी एवढं पाणी हाय, पर न्हाय."

"धरणाचं पाणी घालू व्हय त्येला?" बानूबाई म्हणाली. "त्यानंच तर बुडिवला."

होडी निघाली. देऊळ समोर दिसत होतं, नाकासमोर. संभाजीनं तोंड तिकडं वळवलं, तशी बानूबाई ओरडली.

"आरं, कुठं घुसतूस? जयवंताच्या घरातनं होडी न्हेतूस व्हय? चुलीवरनं?"

"आये, पाणी हाय ते. घर कुठं ऱ्हायलंय?"

"वरनं पाणी आलं म्हणून घर जातंय व्हय? वळीव. पेठंतनं घे."

संभाजीनं आमच्याकडं बघून मान हलवली आणि होडी वळवली. हे रोजचं असावं. मोकळ्या पाण्यात आम्ही डावीकडं वळलो, थोडं सरळ गेलो, पुन्हा उजवीकडं. "हितं हळू, हितं पार हाय," बानूबाई सांगत होती आणि इंजिन हळू होत होतं. काठावरून कुणी बघितलं असतं तर होडीवाला प्यायलाय असं वाटलं असतं. मला मात्र हळूहळू दोन्ही बाजूंना भिंती असल्यासारखं वाटायला लागलं. एका ठिकाणी मी चक्क मान खाली घातली. तिथं बहुतेक वेस होती.

"आता चावडी," रामभाऊ अचानक म्हणाले. "चावडीनंतर रस्ता दोन हात अरुंद होतो."

बानूबाईनं कळशीसकट मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "तुमी कुठल्या आळीचे?"

"मी नकाशातला," रामभाऊ म्हणाले. "बुडालेल्या गावाचा कागद फाटायला आला होता. नवी प्रत मी काढली. पंधरा दिवस इथंच होतो म्हणा ना, टेबलावर."

"मग आमचं घर काढलं आसंल."

"काढलं असणार. परसात विहीर?"

"व्हय."

"काढलं."

बानूबाईचं समाधान झालं. रामभाऊ होडीच्या कडेवरून बोट पाण्यात सोडून बसले होते. बोटामागं एक बारीक रेघ उमटत होती आणि मिटत होती. मग त्यांनी हात बाहेर काढला, लेन्सचं झाकण काढायला गेले, आणि झाकण होडीच्या फळीवर पडून टणटणत संभाजीच्या पायापर्यंत गेलं. मी उचलून दिलं. रामभाऊंनी उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसून राहिले.

"गेल्या वर्षी देऊळ वर आलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं मोबाइल काढून मला दिला. त्यात देऊळ होतं. खरं म्हणजे दोन होती, एकावर एक, थंडी वाजल्यासारखी. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही.

"तीस काढले. तीसही असेच. डॉक्टर म्हणतात वाढत जाईल, पण सावकाश. सरोजिनीला सांगितलेलं नाही."

गादी, पितळी पट्टी, पट्टा, रबर, लाल टोपण... खोकी माझ्या डोळ्यांसमोरून उलट्या क्रमानं गेली. शेवटी अर्धा कपही गेला.

"ही ज्वारीची उशी शेवटची," रामभाऊ म्हणाले. "हिच्यावर जमला तर जमला. नाही तर खिळा काढतो आणि कॅमेरा कुणाला तरी देऊन टाकतो. हललेला फोटो मी भिंतीवर लावणार नाही."

होडी देवळाच्या मागच्या दारानं नव्हे, पुढच्या दारानं लागली. बानूबाईला दुसरं चालणार नव्हतं. चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या, त्या पायाखाली बिस्किटासारख्या मोडत होत्या. सूर्य शिखराच्या खांद्यापासून दोन बोटं खाली होता. रामभाऊंनी चौथऱ्यापुढं फोमची गादी टाकली, गुडघे टेकले, कॅमेरा गळ्यात घेतला. "उशी दे," ते म्हणाले.

मी होडीकडं वळलो. उशी होडीत नव्हती. ती बानूबाईच्या हातात होती, देवळाच्या पायरीवर, आणि तिची चेन उघडी होती. शेवटची मूठ हवेत जाताना मी पाहिली. दोन किलो ज्वारी पायऱ्यांवर पसरली होती आणि कुठून कुठून चिमण्या, पारवे उतरत होते.

"बरं केलंत पाखरांना आणलंत," बानूबाई म्हणाली. "मानसं रिकामीच येत्यात."

रामभाऊंनी डोळे मिटले. शिव्या त्यांना येत नाहीत. आरेखकांना खात्यात त्याची सोय नसावी.

"मावशी, ती उशी होती," मी म्हणालो. "कॅमेरा ठेवायची. ह्यांचा हात हलतो."

मोठ्यानं बोललो खरा. रामभाऊंनी माझ्याकडं बघितलं, पण आता बोललेलं परत घेता येणार नव्हतं. बानूबाईनं त्यांच्या हाताकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, कळशी उतरवून उंबऱ्यावर रिती केली आणि डोक्यावरची चुंबळ काढून चौथऱ्यावर ठेवली. जुन्या लुगड्याच्या चिंधीचं घट्ट, गोल वेटोळं.

"ह्येच्यावर ठिवा."

लेन्स त्या वेटोळ्यात अशी बसली, जणू दोघं एकाच कारखान्यातून निघाली होती. रामभाऊंनी दोन्ही हातांनी कॅमेरा पकडला. कॅमेरा हलला. चुंबळही हलली.

"धरू नका," खराटा हातात घेऊन झाडायला निघालेली बानूबाई म्हणाली. "मी कवा धरती का कळशी? धरली की हिंदकळती. ठिवायचं, आन् हात सोडायचा."

"बटण कोण दाबणार?"

"दोन सेकंदांचा टायमर असतो," मी म्हणालो.

"मग फोटो कुणी काढला म्हणायचा?"

"ते नंतर ठरवू. सूर्य टेकतोय."

रामभाऊंनी टायमर लावला. लाल टोपणावर बोट ठेवलं, दाबलं, आणि निजलेल्या तान्ह्या पोराच्या अंगाखालून काढावेत तसे दोन्ही हात सावकाश मागं घेतले. हात हवेत थरथरत होते. कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. एक टिक, दुसरी टिक. त्या दोन सेकंदांत सगळं पाणी थांबल्यासारखं झालं, खालच्या पेठेतली माणसं वर बघत असल्यासारखी.

मग कॅमेरा वाजला.

चुंबळ परत द्यायला गेलो तर बानूबाई म्हणाली, "ऱ्हाऊंद्या. रिकामी कळशी काखंत न्हेती मी. तुमची पिशवी मला द्या, चेनीची हाय. गोळ्या ठिवीन औषदाच्या." येताना आम्ही पुन्हा पेठेतूनच आलो. संभाजीला या खेपेला सांगावं लागलं नाही.

फोटो आठवड्यानं खिळ्यावर लागला. शिखराची एकेक रेघ त्यात स्वच्छ आहे, पायरीच्या फटीतलं गवत मोजता येतं, ज्वारीचे दाणेसुद्धा. अकरा फोटोंत माणूस नाही. बाराव्यात एका कोपऱ्यात बानूबाई झाडते आहे, कारण तिला बाजूला करायला वेळ नव्हता. त्या सबंध फोटोत हललेली वस्तू एकच, तिचा खराटा.

मी बघत असताना सरोजिनीवहिनी चहा घेऊन आल्या.

"माझा भरून दे," रामभाऊ म्हणाले. "मी उचलणार नाहीये."

वहिनींनी कप त्यांच्यापुढं मेजावर ठेवला आणि बशीत सांडेपर्यंत भरला. रामभाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, वाकले, आणि कपाला ओठ लावून पहिला घोट घेतला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"पहिलं खोकं आलं तेव्हापासून," वहिनी म्हणाल्या, आणि माझा कप अर्धाच भरला. चहा संपला होता.