वाउटररावांचा डावा हात

तिसऱ्या इनिंगमध्येच कोचने कुंपणाकडे बघून हात वर केला आणि आमचा जावई बाकावरून उठला. जाकीट काढलं, मनगट फिरवलं आणि मैदानाच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीत त्याने हात गरम करायला बॉल टाकायला सुरुवात केली. मी स्कोअररच्या टेबलाशी बसून मनात मोजत होतो. अठरा झाले तेव्हा कोचने हात खाली केला. वाउटरने जाकीट घातलं आणि परत बसला.

हे अठरा बॉल माझ्या स्कोअरच्या वहीत येत नाहीत. नियमच तसा आहे. मैदानात उतरून बॅटरला टाकलेला तोच खरा बॉल, कुंपणामागे टाकलेला म्हणजे टाकलाच नाही. स्टुटगार्टमध्ये मी पस्तीस वर्षं गाड्यांच्या गिअरचे दाते तपासले, पण इतकी अन्यायी मोजणी तिथेही कधी पाहिली नाही.

वाउटर हारलेमचा, डच. बेसबॉलमध्ये बोलरला पिचर म्हणतात आणि वाउटर रिलीफ पिचर, म्हणजे आधीचा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की त्याचा घोटाळा निस्तरायला जाणारा. एकोणिसाव्या वर्षी तो अमेरिकेला गेला, कुठल्याशा लहान गावात दोन उन्हाळे खेळला आणि एका सकाळी त्याला घरी जायला सांगण्यात आलं. मग हॉलंडमध्ये सहा वर्षं. मग आमच्या इथल्या क्लबात एका वर्षासाठी म्हणून आला आणि माझ्या मुलीच्या, नीनाच्या नादाने तेरा वर्षं राहिला. एवढ्या काळात मॅचचा पहिला बॉल टाकायची संधी त्याला एकदाही मिळाली नाही. सोमवार ते शुक्रवार तो फळांच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि रविवारी येऊन बसतो. तो बसतो म्हणून मीही येऊन बसू लागलो आणि नुसतं बसणं मला जमत नाही म्हणून क्लबाने माझ्या हातात वही दिली.

आजची त्याची शेवटची मॅच होती. नीनाला हॅनोव्हरला नोकरी लागली होती, पुढच्या शनिवारी उमत्सुग, म्हणजे बिऱ्हाड हलवणं, अर्धं घर खोक्यांत भरून झालं होतं. खांद्याबद्दल डॉक्टरने सांगितलं होतं ते वेगळंच. राहिली होती एकच गोष्ट. कुहूने, माझ्या नऊ वर्षांच्या नातीने, बापाला मैदानात उतरताना कधी पाहिलंच नव्हतं. लहान होती तेव्हा त्याची पाळी येईपर्यंत झोपून जायची. मोठी झाल्यावर कुणाकुणाचे वाढदिवस निघाले, आणि ती आलीच तर नेमका तो बाकावर. आपले पपा बसायचं काम करतात, असं तिने शाळेत लिहून दिलं होतं. आज सकाळी तिने त्याच्याकडून वचनच घेतलं आणि त्या वेड्यानेही दिलं, जणू ते त्याच्या हातात होतं.

त्याच्या हाताचीही एक गोष्ट आहे. वाउटर डावखुरा. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने शिऱ्यात डावा हात घातला. माझी बायको वासंती, तिने बशीच काढून घेतली.

"अहो, सांगा त्यांना. उजव्या हातानं खायचं असतं."

मी म्हटलं, तो त्याचा पोटापाण्याचा हात आहे.

"मैदानात असेल. माझ्या घरात नाही."

तेव्हापासून तो डाव्याने टाकतो आणि उजव्याने खातो. मराठी त्याला सगळं कळतं, बोलताना मात्र तीन-चार शब्दांवर भागवतो. वासंती त्याला वाउटरराव म्हणते, अहो-जाहो करते आणि प्रत्येक मॅचनंतर बेसनाचा लाडू देते, टीम हरली तरी. लाडू घेताना उजवा हात पुढे आला की नाही, ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघते.

पाचव्या इनिंगमध्ये तो पुन्हा उठला. बावीस बॉल, परत बाकावर. सातवीत उठला. सव्वीस. मैदानात लिऑन नावाचा विशीतला पोरगा बरा टाकत होता, पण कोचला दम निघत नव्हता. चार पावलं पुढे, चार मागे, मध्येच हात वर, मध्येच खाली. त्याचं बघून माझाही पाय हलायला लागला. वासंतीने डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. नीना उगाच फोन काढून बघत होती. कुहू कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी होती आणि बाप उठला की चढायची, बसला की उतरायची. मला कोचचा भयंकर राग आला. माणसाला उठवायचं असेल तर उठवा, नाहीतर सुखाने बसू द्या.

आठवीत सत्तावीस. मग कोचने लिऑनलाच शेवटपर्यंत ठेवायचं ठरवलं आणि वाउटरला बस म्हणाला. वाउटर पाण्याची बाटली भरायला माझ्या टेबलाजवळून गेला. खाली वाकून हळूच जर्मनमध्ये म्हणाला, "बाबा, हात संपला. खांद्याच्या वर येतच नाही."

"मग कोचला सांग."

"कुहू बघतेय," तो म्हणाला आणि गेला.

नववी इनिंग, शेवटची. आम्ही एका रनने पुढे, समोरचे दोघे बाद, तिसरा बाद झाला की मॅच आमची. तेवढ्यात लिऑनचे बॉल भरकटायला लागले. कोच त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलून आला. पण तरीही बॅटरला धड बॉल पडेना, तो फुकटात पहिल्या बेसवर, रनच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर, जाऊन उभा राहिला आणि कोच तावातावाने पुन्हा आत शिरला. एका इनिंगमध्ये एकाच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला की पिचर बदलावाच लागतो. रागाच्या भरात तो हे साफ विसरला होता. समोरच्या टीमने ओरडा केला. कोच म्हणाला, मघाशी मी गेलोच नव्हतो, नुसता रेषेपाशी उभा होतो. अंपायर सरळ माझ्या टेबलाशी आला.

"किती वेळा?"

वहीत दोन खुणा होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं, आणि तेही कोचसाठी नाही. वाउटर आत गेला तर लेकीसमोर फजिती, नाही गेला तर तिला दिलेलं वचन बाकावरच राहणार. मी कुंपणाकडे बघितलं. वाउटरने जाकीट काढून ठेवलं होतं.

मी दोन बोटं वर केली.

नव्या पिचरला सरावाचे आठ बॉल टाकता येतात. वाउटरने दोनच टाकले. शेजारणीकडे कोथिंबिरीची जुडी टाकावी तसे ते गेले. समोरच्या बाकावर हशा पिकला. नीनाने डोळे मिटून घेतले. पहिल्या बेसवरचा पोरगाही हसला आणि पुढच्या बेसकडे पळायच्या तयारीत तीन पावलं सरकला. मग चौथं टाकलं. मग पाचवं. बेस सोडलेल्याला बॉलने शिवलं की तो बाद, पण असल्या हाताला कोण भिणार?

वाउटरने बॅटरकडे शांतपणे बघितलं. उजवा पाय उचलला. आणि बॉल बॅटरकडे गेलाच नाही. हात कमरेच्या वर न नेता, नुसत्या मनगटाने, त्याने तो पहिल्या बेसवर टाकला. पोरगा जिवाच्या आकांताने मागे झेपावला, पण बॉल धरलेला आमच्या खेळाडूचा ग्लोव्ह त्याच्या आधी तिथे होता. अंपायरने मूठ वर केली. मॅच संपली.

आमचे सगळे वाउटरकडे धावले. कुहू मात्र माझ्याकडे आली आणि वहीत डोकावली. पपाच्या नावापुढे बॅटरला टाकलेले बॉल, शून्य.

"नुल?" तिने विचारलं. मग जर्मनमध्येच म्हणाली, म्हणजे पपांनी टाकलाच नाही.

नियमाने तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला ते लागलं. मी म्हटलं, "बाळा, दुपारपासून कुंपणामागे त्र्याण्णव टाकलेत त्यानं. मी मोजलेत." तिने पेन्सिल घेतली आणि समासात ९३ लिहिलं. अधिकृत वहीत असं काही लिहायचं नसतं. मी खोडलं नाही.

वाउटर आला, घामाने निथळत. वासंतीने डबा उघडला आणि त्याने सवयीने उजवा हात पुढे केला. तिने डबा मागे घेतला.

"आज डाव्या हातानं घ्या, वाउटरराव. मी काही म्हणणार नाही."

तो हसला. डावा हात थोडा हलला, जेमतेम वीतभर वर आला आणि तिथेच थांबला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग तो खाली बघू लागला.

वासंतीच्या गुडघ्यांची दोन ऑपरेशनं झाली आहेत, देवापुढेही ती खुर्चीवर बसते. तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला, हळूहळू खाली वाकली आणि त्या लोंबणाऱ्या हाताच्या तळव्यावर लाडू ठेवला. बोटं तिनेच मिटली.

त्याने तो उजव्या हातात घेतला, अर्धा कुहूला दिला आणि अर्धा खाल्ला.