टेंपरी गेट

एप्रिल महिन्यात नदीला पाणी बघितलं आणि मी मोटारीतून खाली उडीच मारली. सर्व्हिस मोटार नदीवरच्या बुटक्या फरशी-पुलाच्या अलीकडे थांबली होती आणि फरशीवरून गुडघाभर गढूळ पाणी धो धो चाललं होतं.

"वर पाऊस झाला जनू," मोटारीतला एक जण खुशीत म्हणाला.

कुठला पाऊस! आभाळात औषधाला ढग नव्हता. हे पाणी आमच्या बंधाऱ्याचं होतं. ते सोडायचं तर वरून कागद येतो, तो कागद माझ्या टेबलावर येतो आणि मी सांगितल्याशिवाय दरवाजा वर जात नाही. आणि मी तीन दिवस सोनईला बहिणीकडे मुलगी पाहायला जाऊन बसलो होतो, तेही रजेचा अर्ज न देता. चपला हातात घेऊन मी चढणीला लागलो.

ही सेहेचाळीस सालची गोष्ट. अकोले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमच्या खात्याचा हा लहानसा बंधारा. ओव्हरसियर आप्पासाहेब खाली पेठेच्या गावी राहायचे आणि आठ-पंधरा दिवसांनी एक चक्कर टाकायचे. बंधाऱ्यावर राहायला दोघंच. मी कारकून आणि नबीलाल गेटवाला.

धापा टाकत वर पोचलो तर नबीलाल दरवाजाच्या चाकाजवळ उभा. भर उन्हात अंगात खात्याचा खाकी कोट, पितळेची सहाच्या सहा बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वरचा हुकूम आला की तो कोट घालूनच चाकाला हात लावायचा. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"आलासा भाऊसाहेब? लई बरं झालं. तुमी न्हवता, पर काम थांबवलं न्हाई मी. तीनदा घंटा दिली, खालच्या वाडीला हाळी घातली, नदीतली मान्सं-जनावरं समदी वर काडली, मंगच चाक फिरवलं."

"पण कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलोच.

"तार आली न्हवं का सकाळच्याला. तुमच्या नावानं हुती. पर तारंला थांबवू नये, आसं तुमीच म्हनलं हुतं." कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं कागद काढला. "फकस्त आकडा न्हवता वो तिच्यात. डिस्चार्ज म्हनलंय, टेंपरी गेट म्हनलंय, इमिजेट म्हनलंय. पर किती सोडायचं त्ये लिवलंच न्हाई. तारवाल्याला पुसलं किती, तर त्यो म्हनला मला काय ठावं. मंग म्हनलं, इमिजेट हाय तर पुरंच उगडावं."

मी तार वाचली. चारच शब्द होते. डिस्चार्ज टेम्पररी गेटमन इमिजिएटली. हंगामी गेटवाल्याला ताबडतोब कामावरून कमी करा. खाली आप्पासाहेबांचं नाव.

आता हे 'टेंपरी गेट' काय ते सांगतो. बंधाऱ्याचा लोखंडी दरवाजा अडतीस साली निकामी झाला, तेव्हा एका पावसाळ्यापुरता म्हणून सागवानी दरवाजा बसवला. त्याच्या तुळईवर साहेबांनी पांढऱ्या रंगात 'टेंपररी गेट' अशी इंग्रजी अक्षरं काढून घेतली. आठ वर्षं झाली, तो दरवाजा तिथंच. सगळी वाडी त्याला टेंपरी गेट म्हणायची. नबीलाल रोज सकाळी ती अक्षरं ओल्या फडक्यानं पुसायचा, त्यामुळं ती त्याच्या डोळ्यांत पक्की बसली होती. तो स्वतःही खात्यात टेंपरीच होता, बावीस वर्षं. पण ही गोष्ट त्याला कधी कुणी इंग्रजीत लिहून दाखवली नव्हती.

"गेटच्या फुडं येक शेपूट हाय," तो बोट ठेवून म्हणाला. "त्ये काय कळंना. तारंत चुका असत्यातच."

"आधी चाक फिरवा! बंद करा दरवाजा!"

दोघांनी मिळून चाक फिरवलं. दरवाजा पूर्ण खाली यायला एकशे चाळीस फेरे लागतात. तो फिरवता फिरवता मधूनच माझ्या तोंडाकडे बघत होता. दरवाजा बसला तेव्हा पाणी मोजायच्या पट्टीवर चार फूट पाणी उतरलं होतं. खाली वाडीतल्या रतनबाईनं नदीच्या वाळूत लावलेल्या टरबुजाच्या वेली गेल्या, आणि जूनपर्यंत पुरवायचं पाणी अर्ध्यावर आलं.

मग मी त्याला तारेचा अर्थ सांगितला.

"म्हंजी डिस्चार्ज मला हाय व्हय?" तो म्हणाला.

"हो."

"पान्याला न्हाई."

"नाही, नबीभाई."

तो चाकाकडे वळला. "मंग आकडा कसा आसंल," एवढंच म्हणाला.

माझं डोकं असं भणभणलं की काय सांगू! आप्पासाहेबांवर तर संतापलोच. बावीस वर्षं राबलेल्या माणसाला चार शब्दांत काढता? एक साधं पत्र नाही, महिन्याची मुदत नाही? पण खरी आग माझ्यावरच होती, कारण तो शब्द त्याला शिकवणारा शहाणा मीच होतो. पाण्याचे कागद आले की त्याला लांबून ओळखता यावेत म्हणून मीच त्याला पाटीवर अक्षरं काढून दिली होती. डिस्चार्ज म्हणजे पाणी सोडणं. झालं, संपलं.

तेवढंही नाही. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं मला येऊन विचारलं होतं. त्याचा मुलगा जैनुद्दीन बर्म्याच्या लढाईवरून परत आला होता. पलटणीनं त्याला डिस्चार्जचा, म्हणजे सुटकेचा, कागद दिला होता. तो कागद इमामबीनं, म्हणजे नबीलालच्या बायकोनं, काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. मी दाढी करत बसलो होतो. नबीलाल दारात उभा राहिला.

"भाऊसाहेब, पोराच्या कागदावर पान्याचा शब्द कशापायी वो?"

तेव्हा वस्तरा खाली ठेवून दोन मिनिटं बोललो असतो तर! पण मी आरशातूनच म्हणालो, "इंग्रजी शब्दाला सतरा अर्थ असतात, नबीभाई. तुम्हाला काय करायचंय? तुमचा पाण्याचा आहे, तेवढा पुरे झाला."

"व्हय, खरं हाय," म्हणून तो गेला. माझ्या मेल्या जिभेला तेव्हा झालं होतं काय?

तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब दोन पोलीस घेऊन आले. आल्या आल्या नबीलालच्या घरात शिरले आणि त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"हे बघा! हा शब्द याच्या घरात टांगलाय. याला अर्थ चांगला माहीत होता. नोकरी गेली हे वाचलं आणि सूड म्हणून पाणी सोडलं यानं. उतरवा ती चौकट."

इमामबी आडवी झाली. "साहेब, त्ये माज्या लेकाचं हाय. त्याला हात लावू नका. त्यानं गोळी खाल्लीया त्याच्यापायी."

"पुराव्याला लागेल," आप्पासाहेब म्हणाले. पोलिसानं चौकट काढली आणि काखेत मारली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. जैनुद्दीन दारातच उभा होता. तो एक पाऊल पुढं आला, तेव्हा नबीलालनंच त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

मला आप्पासाहेबांनी बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ केला.

"सूर्यभान, त्या दिवशी तू बंधाऱ्यावरच होतास. जेवायला म्हणून खोलीवर गेलास, तेवढ्यात यानं डाव साधला. तुझी गैरहजेरी मी कुठं लिहीत नाही. तू फक्त एवढंच सांग, की याला इंग्रजी येतं आणि तूच शिकवलंस. खोटं थोडंच आहे त्यात?"

खोटं नव्हतं, हीच तर मेख होती. आणि ते मला का गोंजारत होते हेही मला कळत होतं. ही चूक ठरली असती तर जाब त्यांना द्यावा लागला असता. असली तार का पाठवली, कारकून जाग्यावर का नव्हता, बावीस वर्षं हा माणूस हंगामी कसा राहिला. सूड ठरला की सगळं नबीलालच्या डोक्यावर. त्याला तुरुंग, यांना मोकळीक. माझं सोनईचं लग्न जुळत आलं होतं आणि मुलीच्या बापानं सरकारी नोकरी बघूनच होकार दिला होता. मान हलवली मी. हो, हलवली. ते आज लपवून काय करू?

खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला तोवर पावसाळा तोंडावर आला होता. नबीलाल आरोपीच्या जागी तोच कोट घालून उभा. कोट अजून त्याच्याकडेच होता, कारण तो परत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझी साक्ष आधी झाली.

"आरोपीला इंग्रजी येतं का?" सरकारी वकिलानं विचारलं.

"येतं," मी म्हणालो. आप्पासाहेबांनी मान डोलावली. नबीलाल माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता. मी साहेबलोकांशी इंग्रजीतून बोलायला लागलो की तो जसा कौतुकानं बघायचा, तसाच बघत होता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"चार शब्द येतात," मी पुढं म्हणालो. "डिस्चार्ज, टेंपररी, गेट आणि इमिजिएटली. पाचवा, 'मॅन', येत नाही. डिस्चार्जचा अर्थ मी त्याला पाण्यापुरताच सांगितला. दुसरा अर्थ त्यानं आपण होऊन विचारला होता, तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. आणि तार आली त्या दिवशी मी बंधाऱ्यावर नव्हतो, साहेब. मी सोनईला होतो. रजा न घेता."

आप्पासाहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पडू दे! माझा आवाज चढला होता. शिपायानं "हळू, हळू" केलं तरी उतरेना.

मॅजिस्ट्रेटनी ती चौकट नबीलालपुढं धरायला लावली.

"वाच. काय लिहिलंय?"

त्यानं बोट फिरवत शोधलं. "ह्यो डिस्चार्ज."

"म्हणजे काय?"

"पानी सोडनं, साहेब. मला तवा त्येवडंच ठावं हुतं."

"तुझा मुलगा तर पलटणीत होता ना? मग त्याच्या कागदावर पाणी सोडणं कशाला?"

"मी पुसलं हुतं भाऊसाहेबास्नी. त्ये म्हनलं, सतरा अर्थ हायेत, तुला काय करायचंय. मला वाटलं, बर्म्यात पोरगं नदीवर कामाला आसंल. माज्यावानीच."

सगळं कोर्ट खो खो हसलं. वकील हसले, शिपाई हसला. मला वाटलं एकेकाच्या थोबाडीत द्यावी. बाप मुलाच्या कागदावर स्वतःच्या कामाचा शब्द बघून दोन महिने मनात सुखावत होता, आणि यांना हसू येत होतं! जैनुद्दीन मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

मॅजिस्ट्रेट मात्र हसले नाहीत. बराच वेळ लिहीत राहिले. मग मान वर न करता, सवयीनं इंग्रजीत म्हणाले, "अक्यूज्ड डिस्चार्ज्ड."

तो शब्द कानावर पडताच नबीलाल ताठ झाला. गळ्याचं सुटलेलं बटण त्यानं लावलं, दोन्ही हात बाजूला सरळ सोडले आणि बावीस वर्षं विचारत आला तसंच खणखणीत आवाजात विचारलं,

"किती, साहेब?"

या वेळी कुणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. मी पुढं झालो. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"पुरं, नबीभाई," मी म्हणालो. "पुरं सोडलंय."

त्यानं मान हलवली आणि तो खाली उतरला.

कोर्टानं त्याला सोडलं, पण नोकरी तारेनं गेली ती गेलीच. चौकटही मिळाली नाही. अपिलाची मुदत सरल्यावर अर्ज करा, असं कारकुनानं सांगितलं. माझं पुढं काय झालं ते सोडा. नोकरी गेली, सोनईचं लग्न मोडलं आणि ते बरंच झालं.

इमामबी बाहेर चिंचेखाली उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. कोर्टाच्या पायरीवर नबीलाल थांबला. त्यानं एक एक बटण सोडून कोट काढला. आत फाटकी बंडी होती. कोटाची नीट घडी घातली, तळहातानं दाबली आणि माझ्यापुढं धरली.

"खात्यात जमा करा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "बटनं मोजून घ्या. समदी हायेत."